अँग्लो-नॉर्मन सरदाराचं आयुष्य आणि गोतावळा कसा उलगडायचा: विल्यम मार्शलच्या घराण्यावरून

1066 साली नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि सोबत आलेल्या सरदारांना तिथल्या जमिनी वाटल्या. पुढची दीडशे वर्षं या घराण्यांची मालमत्ता समुद्राच्या दोन्ही बाजूंना होती, नंतर तर वेल्स आणि आयर्लंडमध्येही पसरली. या काळाबद्दल वाचायला घेतलं की बहुतेकांची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या पानावर अडते. सगळेच विल्यम, सगळेच गिल्बर्ट, आणि कोण कुणाच्या बाजूने का लढतोय याचा पत्ता लागत नाही.

माझं ठाम मत आहे की अशा सरदाराचं चरित्र लढायांच्या मागे जाऊन हाती लागत नाही. त्याची जमीन कुणाकडून आली आणि कुणाकडे गेली ते शोधा. तसं केलं की जवळपास प्रत्येक वळणावर एक बाई उभी दिसते: आई, बायको, विधवा सून, मुलगी. चरित्राचा धागा त्यांच्या हातात असतो. ही पद्धत पायरीपायरीने दाखवायला मी विल्यम मार्शल निवडला आहे. चौथ्या नंबरचा, बिनजमिनीचा मुलगा. म्हातारपणी इंग्लंडचा कारभारी झाला. त्याच्याबद्दल कागद भरपूर आहेत, आणि त्याच्या थोरल्या मुलाने लिहवून घेतलेलं 19,000 हून अधिक ओळींचं पद्यचरित्रही टिकून आहे.

पायरी 1: आधी नावं सुटी करा

एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक नावापुढे मृत्यूचं साल लिहा. जन्मसाल सहसा मिळत नाही, मृत्यूचं बहुधा मिळतं. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मार्शल घराण्यात विल्यमची बायको इझाबेल डी क्लेअर (मृत्यू 1220), मुलगी इझाबेल मार्शल (मृत्यू 1240), आणि त्या मुलीचं लग्न क्लेअर घराण्याच्याच दुसऱ्या शाखेत झाल्यामुळे नात पुन्हा इझाबेल डी क्लेअर. गिल्बर्ट तर जागोजागी आहेत: विल्यमचे आजोबा, सावत्र भाऊ, मेहुणा, जावई आणि मुलगा.

‘फिट्झ’ म्हणजे अमक्याचा मुलगा. विल्यमचे वडील जॉन फिट्झगिल्बर्ट, म्हणजे गिल्बर्टचा जॉन. ते आडनाव नव्हे, पुढच्या पिढीत ते बदलू शकतं. ‘मार्शल’ हे मुळात राजदरबारातलं पद. घोडे, शिस्त, दरबाराची व्यवस्था त्याच्याकडे असे. आजोबा आणि वडिलांनी पहिल्या हेन्रीच्या दरबारात या पदावरचा हक्क राखला, तेव्हापासून ते घराण्याचं वतन झालं आणि हळूहळू नावही.

पायरी 2: जन्मसाल काढायचं असेल तर आईबापाच्या लग्नाकडे पाहा

पद्यचरित्र सांगतं की 1216 मध्ये विल्यमने ऐंशी ओलांडली होती. त्या हिशेबाने जन्म 1136 च्या आधीचा ठरतो. पण त्याच्या आईवडिलांचं लग्नच 1140 च्या दशकाच्या मध्यावर झालं आणि विल्यम हा त्या लग्नातला दुसरा मुलगा. म्हणून अभ्यासक जन्म 1146-47 च्या आसपास धरतात. म्हणजे 1216 मध्ये वय सत्तरीच्या जवळ. चरित्रकाराने म्हातारपण जरा वाढवून सांगितलं. आकडा कितीही ठणकावून लिहिलेला असो, आईबापाचं लग्न, थोरल्या भावंडांची संख्या आणि नाइटपद मिळाल्याचं साल या तिन्हींशी जुळला तरच स्वीकारा.

पायरी 3: वडिलांची सगळी लग्नं मांडा

जॉन फिट्झगिल्बर्टची दोन लग्नं. पहिली बायको अलीन पिपार्ड, तिच्यापासून गिल्बर्ट आणि वॉल्टर. मग स्टीफन आणि मटिल्डा यांच्यात सिंहासनासाठी यादवी पेटली. जॉन मटिल्डाच्या बाजूने गेला आणि शेजारच्या सॉल्झबरीच्या पॅट्रिकशी त्याचं हाडवैर जुंपलं. समेट झाला तो लग्नाने. जॉनने पहिल्या बायकोला सोडलं आणि पॅट्रिकच्या बहिणीशी, सिबिलशी लग्न केलं. त्या तडजोडीतून जन्मलेली मुलं म्हणजे जॉन, विल्यम, अँसेल, हेन्री आणि बहिणी.

इथे दोन गोष्टी टिपून ठेवायच्या. पहिली म्हणजे विल्यम वारसांच्या रांगेत चौथा होता, त्याला वडिलांकडून काहीच मिळणार नव्हतं. दुसरी, तो किती बिनमहत्त्वाचा होता हे 1152 च्या न्यूबरीच्या वेढ्यात उघड झालं. किल्ला सोडण्याच्या अटीवर वडिलांनी पाच-सहा वर्षांच्या विल्यमला राजा स्टीफनकडे ओलीस दिलं आणि नंतर शब्द मोडून किल्ल्यात रसद भरली. पोराला फाशी देतो अशी धमकी आल्यावर वडिलांनी उत्तर धाडलं की याहून चांगली पोरं घडवायला हातोडा आणि ऐरण माझ्याकडे शाबूत आहेत. स्टीफनला ते पोर मारवलं नाही. चरित्रात राजा आणि मुलगा तंबूत गवताच्या काड्यांची लुटुपुटूची लढाई खेळताना दिसतात. त्या काड्या म्हणजे मुलाला सुचलेले नाइट.

पायरी 4: आजोळ तपासा

वडिलांकडून जमीन मिळणार नाही असा मुलगा आईच्या माहेराकडे बघतो. नॉर्मंडीत तांकार्व्हिलच्या नातेवाइकाच्या घरी विल्यमचं शस्त्रशिक्षण झालं आणि 1166 च्या सुमारास तो नाइट झाला. नंतर तो आपल्या मामाच्या पथकात गेला. हा मामा म्हणजे तोच सॉल्झबरीचा पॅट्रिक, आता अर्ल, म्हणजे वरच्या दर्जाचा सरदार. 1168 मध्ये पुआतू प्रांतात लूझिन्याँच्या लोकांनी पॅट्रिकला पाठीमागून मारलं. शिरस्त्राण न घालता मामाचा सूड घ्यायला धावलेला विल्यम मांडीत जखमी होऊन कैद झाला. एका बाईने पाव आतून पोखरून त्यात पट्ट्यांचं कापड लपवून त्याच्याकडे पाठवलं, त्यावर त्याने जखम बांधली. खंडणी भरून त्याला सोडवलं ते राजा दुसऱ्या हेन्रीच्या राणीने, एलेनॉरने, कारण पॅट्रिक तिच्या मुलुखाचं रक्षण करताना मेला होता.

राणीचा हा आश्रय त्याला 1170 मध्ये तिच्या मुलाच्या, तरुण हेन्रीच्या पदरी घेऊन गेला. पुढची 13 वर्षं स्पर्धांची आणि नावलौकिकाची. त्यावर हवं तेवढं वाचायला मिळतं, इथे ती पानं मी उलटून टाकतो. नात्यांच्या दृष्टीने एवढंच महत्त्वाचं, की चाळिशीपर्यंत या माणसाकडे कीर्ती होती, घर नव्हतं.

पायरी 5: लग्नाला पूर्ण एक पान द्या

या काळात राजाकडून थेट जमीन घेतलेला सरदार मेला आणि वारस अज्ञान असला, तर वारस आणि जमीन दोन्ही राजाच्या ताब्यात जात. वारस मुलगी असली तर तिचं लग्न कुणाशी लावायचं हेही राजा ठरवी. राजाकडे वाटण्यासारखी याहून मोठी बक्षिसी नव्हती. अशा मुली आणि विधवांची नोंद शोधायला 1185 सालचा एक दस्तऐवज फार उपयोगी आहे. 12 काउंट्यांमधल्या विधवा आणि पोरक्या वारसांची वयं, मुलंबाळं आणि जमिनीची किंमत त्यात लिहिलेली आहे.

जुलै 1189 मध्ये दुसरा हेन्री मेला. त्याआधी काही आठवडे विल्यमने राजाची माघार राखताना, बापाविरुद्ध उठून पाठलागावर आलेल्या राजपुत्र रिचर्डचा घोडा भाल्याने मारला होता. आता तोच रिचर्ड राजा झाला. त्याने सूड घेतला नाही, उलट बापाने विल्यमला दिलेला शब्द पाळला. ऑगस्टमध्ये लंडनला विल्यमचं लग्न इझाबेल डी क्लेअरशी झालं. तो चाळिशी ओलांडलेला, ती सतरा-अठराची.

आता तिचा वंश मांडा. वडील रिचर्ड डी क्लेअर, ज्याला सगळे स्ट्राँगबो म्हणतात (मृत्यू 1176). आई ईफा, लेन्स्टरचा आयरिश राजा डिअरमिट मॅकमरो याची मुलगी. त्यांचं लग्न 1170 मध्ये वॉटरफर्ड शहर जिंकल्यावर तिथेच झालं होतं. इझाबेलचा भाऊ गिल्बर्ट लहानपणीच वारला, म्हणून सगळं तिच्याकडे आलं. प्रत्येक जमिनीसमोर ‘कुणामुळे’ असा रकाना करा:

- आयर्लंडमधलं लेन्स्टर: ईफाशी झालेल्या लग्नामुळे स्ट्राँगबोकडे, त्याच्याकडून इझाबेलकडे.
- वेल्सच्या सीमेवरचा चेपस्टो किल्ला आणि भोवतालचा मुलूख: क्लेअर वारसा.
- पेम्ब्रोक: क्लेअर घराण्याचा जुना दावा. विल्यमला अर्लपद मिळालं 27 मे 1199 ला, राजा जॉनच्या राज्याभिषेकादिवशी.
- नॉर्मंडीतलं लाँगव्हील आणि इंग्लंडमधल्या काही जमिनी: जुन्या गिफर्ड वारशाचा अर्धा वाटा, तोही इझाबेलच्या रक्ताच्या नात्याने.

विल्यमच्या स्वतःच्या घराकडून आलेलं त्यामानाने थोडं. 1194 मध्ये थोरला भाऊ जॉन वारला, तेव्हा मार्शलपद आणि वडिलांच्या जमिनी त्याच्याकडे आल्या. त्याच वर्षी धाकटा भाऊ हेन्री एक्सेटरचा बिशप झाला.

पायरी 6: जमिनीवर खरा हक्क कुणाचा, याचा पुरावा शोधा

वरचा तक्ता नुसता कागदी नाही हे 1207 च्या एका प्रसंगात दिसतं. राजा जॉनचं विल्यमवरचं मन उडालं होतं. त्याने विल्यमला आयर्लंडहून इंग्लंडला बोलावलं. हेतू उघड होता: तो निघाला की मागे लेन्स्टरवर हल्ला करायचा. निघण्यापूर्वी विल्यमने किल्केनीला आपल्या सरदारांना गोळा केलं आणि गरोदर इझाबेलचा हात धरून तिला त्यांच्यासमोर आणलं. चरित्रातल्या त्याच्या बोलण्याचा आशय असा, की ज्या अर्लने तुम्हाला इथे जमिनी दिल्या त्याची ही लेक, जन्माने तुमची मालकीण. माझं इथे जे आहे ते तिच्यामुळे, आणि तिला मी तुमच्या भरवशावर ठेवून जातोय. हल्ला झाला, विल्यमची माणसं किल्केनीत वेढली गेली, पण लेन्स्टर पडलं नाही.

इंग्लंडचा सर्वांत नावाजलेला योद्धा भरसभेत सांगतो की हक्क बायकोचा आहे. याचा दुसरा पुरावा त्याच्या मृत्यूनंतरचा. मे 1219 मध्ये तो गेल्यावर लेन्स्टर, पेम्ब्रोक आणि चेपस्टो लगेच थोरल्या मुलाकडे गेले नाहीत. ते इझाबेलकडे राहिले आणि 1220 मध्ये ती वारल्यावरच मुलाला मिळाले. कुठल्याही सरदाराचा अभ्यास करताना हे बघा: तो मेल्यावर कोणती जमीन विधवेकडे थांबली? ती बहुधा मुळात तिची असते, नाहीतर विधवा म्हणून मिळालेला तिसरा हिस्सा असतो. या दोहोंत गल्लत झाली की पुढच्या सगळ्या वाटण्या चुकतात.

पायरी 7: एकाच माणसाचे दोन राजे असतील तर तारीखवार लिहा

1204 मध्ये फ्रान्सच्या फिलिपने नॉर्मंडी जिंकली. तिथे जमीन असलेल्या प्रत्येक घराण्यापुढे पेच उभा राहिला, जमीन ठेवायची तर फिलिपचं मांडलिकत्व पत्करावं लागणार होतं. विल्यमने 1205 मध्ये ते पत्करून लाँगव्हील राखलं आणि जॉनचा रोष ओढवून घेतला. जॉनने त्याचा थोरला मुलगा विल्यम आणि मग दुसरा मुलगा रिचर्ड ओलीस मागून घेतले. विल्यमने दोघांनाही दिलं. स्वतः लहानपणी ओलीस राहिलेल्या माणसाला हे कसं वाटलं असेल याबद्दल कागद गप्प आहेत. आपणही त्यात भर घालू नये.

जॉन 1216 मध्ये मेला तेव्हा त्याचा वारस तिसरा हेन्री अवघा नऊ वर्षांचा होता, आणि कारभारी म्हणून निवड झाली विल्यमची. 20 मे 1217 ला लिंकनला त्याने फ्रेंच राजपुत्र लुईला इंग्लंडच्या गादीवर बसवू पाहणाऱ्या पक्षाचा पराभव केला.

पायरी 8: मरणशय्येवरची वाटणी वाचा

घरातली माणसं सर्वांत जवळून दिसतात ती इथे. विल्यम थेम्सकाठच्या कॅव्हरशमला आजारी पडला. चरित्रकार सांगतो की त्याने मुलींना गायला लावलं. मॉडने आधी गायलं, मग धाकट्या जोनने, लाजत लाजत. आणि गाणं कसं म्हणायचं ते म्हाताऱ्या बापाने तिला दाखवून दिलं. पवित्र भूमीहून तीस वर्षांपूर्वी आणलेली रेशमी वस्त्रं त्याने काढायला लावली, आपल्या शवपेटीवर घालण्यासाठी. 14 मे 1219 ला तो वारला. शेवटच्या दिवसांत त्याने टेम्पलर या लढवय्या साधूंच्या पंथाचा झगा घेतला होता, म्हणून दफन लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये झालं. तिथला दगडी पुतळा आजही पाहता येतो.

आता वाटणीच्या चष्म्यातून हीच पानं पुन्हा वाचा. रिचर्डला नॉर्मंडीतल्या जमिनी, गिल्बर्टला चर्चची वाट, वॉल्टरला गुडरिचचा किल्ला. धाकट्या अँसेल्मला काही द्यायचं नाही असं ठरत होतं. त्याने आपल्यासारखं कर्तृत्वावर मिळवावं, असं बापाचं म्हणणं. जवळचा सरदार जॉन ऑफ अर्ली मध्ये पडला, तेव्हा त्याला आयर्लंडमध्ये जमीन मिळाली. लग्न न झालेल्या जोनचीही तरतूद झाली. कोणाचं लग्न तोवर झालं होतं, कोण लहान होतं, हे ठरवायला अशा वाटणीसारखा पुरावा नाही.

पायरी 9: मुलांच्या मृत्यूबरोबर त्यांच्या विधवाही लिहा

पाच मुलगे एकापाठोपाठ अर्ल झाले आणि औरस संततीविना गेले. विल्यम एप्रिल 1231 मध्ये. रिचर्ड एप्रिल 1234 मध्ये, किल्डेअरजवळच्या चकमकीतल्या जखमांनी. गिल्बर्ट जून 1241 मध्ये, स्पर्धेत घोडा बेफाम होऊन. वॉल्टर नोव्हेंबर 1245 मध्ये आणि अँसेल्म त्याच्यामागोमाग महिन्याभरात. सेंट ऑल्बन्स मठातला इतिहासकार मॅथ्यू पॅरिस याचं कारण एका शापात शोधतो. विल्यमने आयर्लंडमध्ये फर्न्सच्या बिशपच्या दोन जागा बळकावल्या होत्या, त्या परत न मिळाल्याने बिशपने निर्वंशाचा शाप दिला. जागांचं भांडण खरं होतं. शापाची गोष्ट मात्र निर्वंश झाल्यावर रंगली, म्हणून वंशवृक्षात ती टिपेत जावी.

पाचही भाऊ मागे विधवा सोडून गेले आणि विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातभर मिळे. थोरल्या सुनेचंच पाहा. एलेनॉर ही राजा तिसऱ्या हेन्रीची बहीण. 1224 मध्ये लग्न झालं तेव्हा नऊ वर्षांची, विधवा झाली तेव्हा सोळा. आयर्लंड आणि वेल्समधल्या तिच्या हिश्श्याऐवजी वर्षाला 400 पौंड ठरवण्यात आले, ते फार कमी होते. 1238 मध्ये तिने सायमन डी माँटफर्टशी लग्न केलं. नवराबायको दोघांनी हा दावा वीस वर्षांहून जास्त काळ राजापुढे लावून धरला. 1259 चा फ्रान्सशी तह अडला त्यातही ही थकलेली मागणी होती, कारण नॉर्मंडीवरचा आपला वारसाहक्क सोडायला एलेनॉर तयार होईना. सायमनचं राजाविरुद्धचं बंड केवळ राजकीय तत्त्वांवर समजून घेणाऱ्यांनी एलेनॉरच्या या हिश्श्याचा हिशेब जरूर मांडावा.

पायरी 10: मुलींची शाखा शेवटपर्यंत ओढा

मुलगे असले तर बहुतेक सगळं थोरल्याला, पण फक्त मुली उरल्या तर समान वाटे. 1246-47 मध्ये विल्यमच्या पाच मुलींप्रमाणे मार्शल मालमत्तेचे पाच भाग झाले. लेन्स्टरचं उदाहरण सरळ आहे. मॉडकडे कार्लो, इझाबेलच्या वंशाकडे किल्केनी, सिबिलच्या सात मुलींकडे किल्डेअर, ईव्हाच्या मुलींच्या शाखेकडे डनमेझ, जोनच्या वंशाकडे वेक्सफर्ड. थोरली म्हणून मार्शलपदाची काठी मॉडला मिळाली आणि तिच्यामुळे ते वतन नॉरफकच्या बायगॉड घराण्यात गेलं. जोनच्या मुलीने, म्हणजे दुसऱ्या जोनने, 1247 मध्ये राजाचा सावत्र भाऊ विल्यम डी व्हॅलेन्स याच्याशी लग्न केलं. पेम्ब्रोक त्या वाटेने गेलं.

पायरी 11: तारखा आणि पैसे बदलून घ्या

सरकारी कागदांत सनाऐवजी राज्यवर्ष असतं. तिसऱ्या हेन्रीचं वर्ष 28 ऑक्टोबरला सुरू होतं. वर्षाच्या आकड्यात 1215 मिळवले की ते कोणत्या साली सुरू झालं ते कळतं. तिसावं वर्ष म्हणजे 28 ऑक्टोबर 1245 पासून पुढे, म्हणून वॉल्टर आणि अँसेल्म या दोघांच्या मृत्यूंचे कागद त्यात सापडतात. जॉनचं वर्ष त्रासदायक आहे. त्याचा राज्याभिषेक स्वर्गारोहणाच्या सणाला झाला आणि तो सण दरवर्षी सरकतो, म्हणून त्याचं राज्यवर्षही सरकतं. खजिन्याच्या वार्षिक हिशेबाचं, म्हणजे पाइप रोलचं वर्ष सप्टेंबरअखेर संपतं. पैशात मार्क हे नाणं नव्हतं, हिशेबाचं एकक होतं: एक मार्क 160 पेनी, एक पौंड 240 पेनी.

जॉनच्या कारकिर्दीपासून दरबारातून निघालेल्या पत्रांच्या नकला ठेवल्या जाऊ लागल्या. त्यांतल्या अनेकांचे इंग्रजी सारांश ‘ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन’वर आणि तिसऱ्या हेन्रीच्या काळातले नजराण्यांचे रोल त्यांच्या स्वतंत्र संकेतस्थळावर वाचता येतात. लॅटिन येत नसलं तरी यावर बरंच काम होतं. दानपत्रांखाली साक्षीदारांची नावं असतात. ती साधारण मानाच्या क्रमाने येतात, म्हणून एखादा पुतण्या किंवा जावई वर्षागणिक वर सरकतोय का, ते पाहा.

पायरी 12: प्रत्येक दुव्याला एक कागद

इंटरनेटवरच्या वंशावळी एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. तेच नाव दहा ठिकाणी दिसलं तरी पुरावा एकच धरा. आपल्या वंशवृक्षात प्रत्येक रेषेवर कागद आणि साल लिहा. जिथे कागद नाही तिथे तुटक रेघ काढा आणि ती तशीच राहू द्या.

सरावासाठी एक शाखा सुचवतो. विल्यमची मुलगी इझाबेल मार्शल, तिचं लग्न हर्टफर्ड आणि ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट डी क्लेअरशी. त्यांची मुलगी इझाबेल, तिचं लग्न स्कॉटलंडमधल्या ॲनंडेलचा जहागीरदार रॉबर्ट ब्रूसशी. त्यांचा मुलगा पुन्हा रॉबर्ट, कॅरिकचा अर्ल. आणि त्याचा मुलगा रॉबर्ट ब्रूस, 1306 मध्ये स्कॉटलंडचा राजा झालेला, 1314 मध्ये बॅनकबर्नला इंग्लंडच्या सैन्याला हरवणारा. म्हणजे विल्यम मार्शलचा खापरपणतू. बॅनकबर्नला समोरच्या बाजूने पेम्ब्रोकचा अर्ल एमर डी व्हॅलेन्स होता, जोनच्या शाखेतला. दोघांची नेमकी चुलत-मावस पिढी किती, ते वरच्या बारा पायऱ्या वापरून स्वतः मोजा.